गायी कोट्यवधी, बाप मोजके

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या भरली २५ लाख ८५ हजार ४९. आष्टीपासून परळीपर्यंतचे अकरा तालुके, त्यांतली तान्ही पोरं आणि काठी टेकत चालणारी म्हातारी माणसं, सगळी यात आली. हा आकडा जरा हाताशी ठेवा.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात टॉयस्टोरी नावाचा एक वळू होता. २००१ साली जन्मला, २०१४ साली मेला. तेरा वर्षांच्या आयुष्यात त्याच्यापासून २४ लाखांहून जास्त रेतमात्रा तयार झाल्या. बीड जिल्ह्यात माणशी एक याप्रमाणे त्या वाटायला घेतल्या असत्या, तर शेवटी एखादा लहानसा तालुकाच उपाशी राहिला असता.

रेतमात्रा म्हणजे प्लॅस्टिकची बारीक कांडी. आपल्याकडे वापरतात ती साधारण १३.३ सेंटिमीटर लांब असते आणि तिच्यात पाव मिलिलिटर द्रव मावतो. याच मापानं २४ लाख कांड्या टोकाला टोक लावून मांडल्या, तर ओळ भरते ३१९ किलोमीटर. बीडहून निघालेली ही ओळ पुणं मागं टाकून खंडाळ्याच्या घाटापर्यंत जाईल. पण त्याच कांड्या एका टाकीत रिकाम्या केल्या तर भरतील फक्त ६०० लिटर. घराच्या गच्चीवर असते त्या हजार लिटरच्या काळ्या टाकीत निम्म्याहून थोडं वर. एका कांडीत साधारण दोन कोटी शुक्रजंतू धरतात. म्हणजे त्या अर्ध्या टाकीत ४८ लाख कोटी. वासरू जन्माला यायला त्यातला एक पुरतो.

टॉयस्टोरी होल्स्टिन जातीचा होता. मराठवाड्यात ही जात ‘एचएफ’ (होल्स्टिन-फ्रिजियन) म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तिलाही सरसकट ‘जर्शी’च म्हणतात. जर्सी हे इंग्लिश खाडीतलं बेट. होल्स्टिन हा जर्मनीच्या उत्तरेचा मुलूख, आजच्या श्लेस्विग-होल्स्टिन राज्याचा अर्धा भाग. फ्रिजियनमधला फ्रिसलंड उत्तर समुद्राच्या कडेनं नेदरलँड्सपासून जर्मनीपर्यंत पसरलेला, ओल्या गवताचा सपाट प्रदेश. तिथली काळी-पांढरी गाय एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेली, तिथं तिची फक्त दुधासाठी निवड होत गेली, आणि मग ती जगभर पसरली. महाराष्ट्रात मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला ‘बाएफ’ सुरू केली. तिथून आणि सरकारी केंद्रांमधून गोठवलेल्या रेतमात्रा गावोगाव पोचू लागल्या. आता गाय माजावर आली की मालक वळू शोधत नाही, फोन लावतो. मोटारसायकलला अडकवलेल्या भांड्यात द्रवरूप नत्र असतं, उणे १९६ अंशाला. मे महिन्यात बीडचा पारा ४२ वर असताना त्या भांड्याच्या भिंतीच्या आत आणि बाहेर २३८ अंशांचा फरक असतो. फुफाट्याच्या रस्त्यानं दचके खात कांडी वस्तीवर पोचते. या सगळ्या उद्योगातली ही गोष्ट मला सर्वांत अचाट वाटते.

पण मूळ जर्मनीत काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. तिथली जुनी काळी-पांढरी गाय दूधही देई आणि अंगानं भरलेलीही असे. १९६० नंतर अमेरिकेतून तिचीच नातवंडं-पतवंडं परत आली, उंच, हाडकुळी, भल्यामोठ्या कासेची, आणि त्यांनी आजीला गोठ्याबाहेर काढलं. आज जर्मनीतल्या साऱ्या गायीगुरांची संख्या एक कोटीहून थोडी जास्त आहे. त्यांत ही मूळ जात अवघी काही हजार उरली आहे. हरवत चाललेल्या पाळीव जाती वाचवायला तिथं १९८१ साली एक संस्था निघाली. ती दरवर्षी धोक्यातल्या जातींची यादी काढते, आणि जगभरच्या दूधवाल्या गायीची ही पूर्वज त्या यादीत आहे.

आता जरा हिशेब करू. कुठल्याही गायीला आई-बाप दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या वरचे आठ. दहा पिढ्या मागं गेलं की पूर्वजांच्या जागा होतात १,०२४. वीस पिढ्या मागं १० लाख ४८ हजार ५७६. एकतीस पिढ्या मागं हा आकडा २१४ कोटी ७४ लाखांवर जातो. गायीची एक पिढी पाच वर्षांची धरली, तर एकतीस पिढ्या म्हणजे फक्त १५५ वर्षं, निजामाचा आणि इंग्रजांचा काळ. आज सगळ्या जगात गायीबैल आहेत दीडशे कोटींच्या आसपास, आणि त्या काळी तर यापेक्षा खूपच कमी होते. मग २१४ कोटी जागा भरल्या कुणी? त्याच त्या जनावरांनी, पुन्हा पुन्हा. आईकडून जो पणजोबा तोच बापाकडून खापरपणजोबा. प्रत्येक जातीत हे होतंच. किती झालं, यावर सगळं अवलंबून.

होल्स्टिनमध्ये ते किती झालं, याचा शोध अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतला. कृत्रिम रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या वळूंची बापाकडची वंशावळ त्यांनी मागं मागं नेली. हजारो वळू, आणि त्यांतले ९९ टक्क्यांहून जास्त शेवटी दोनच वळूंपाशी येऊन थांबले. दोघेही १८८० च्या सुमाराचे. कोट्यवधी गायींचं दूध जग पितं, आणि त्यांच्या वळूंची बापाकडची घराणी दोन!

त्यातल्या एका घराण्यात १९६२ साली नेब्रास्कात ‘चीफ’ जन्मला. त्याच्या मुली १६ हजार, नाती पाच लाख, पणत्या वीस लाखांच्या वर. आजच्या अमेरिकी होल्स्टिनच्या रक्तात जवळजवळ १४ टक्के वाटा या एकट्याचा आहे. त्याच्या मुली दूध भरपूर देत, म्हणून तर तो इतका पसरला. पण त्याच्या एका जनुकात बिघाड होता. आई आणि बाप दोघांकडूनही तो बिघाड आला, तर गर्भ पोटातच मरायचा. चीफच्या पणत्यांना चीफच्याच पणतूंच्या कांड्या भरल्या जाऊ लागल्या, तेव्हा गायी गाभडू लागल्या. पाचेक लाख गर्भ असे गेले आणि ४२ कोटी डॉलरचं नुकसान झालं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज. २०११ नंतर जनुकांच्या तपासणीत कारण सापडलं. तोवर पन्नास वर्षं होत आली होती. धंद्याच्या नजरेनं मात्र चीफ फायद्यातच राहिला: त्याच्यामुळं वाढलेल्या दुधाची किंमत ३,००० कोटी डॉलर धरतात. नुकसानीच्या ७१ पट. म्हणूनच हा खेळ कुणी थांबवत नाही.

जनावरांच्या पैदाशीत एक साधं सूत्र वापरतात. जातीत नर किती आणि माद्या किती, यांचा गुणाकार करायचा, त्याला चारनं गुणायचं आणि नर-माद्यांच्या बेरजेनं भागायचं. येतो तो त्या जातीचा खरा, कामाचा आकडा. एक वळू आणि दहा गायी असतील तर उत्तर ३.६४. एक वळू आणि एक लाख गायी असतील तर उत्तर ३.९९९९६. पुन्हा वाचा. दहाच्या जागी लाख गायी आल्या तरी आकडा चारच्या पुढं सरकत नाही. मोजायला गेलं तर जनावरं लाख, वंशाच्या हिशेबात चार. अमेरिकेतल्या सुमारे नव्वद लाख दुभत्या होल्स्टिन गायींचा असा खरा आकडा पन्नासच्याही खाली आहे, असं अभ्यासक सांगतात.

हेच सूत्र बीडला लावून बघू. जिल्ह्यात हजाराहून जास्त गावं. पूर्वी गावागणिक एक तरी वळू असायचाच. कुणी देवाला सोडलेला, कुणी पाटलाच्या दावणीचा. पिकात शिरला तर लोक शिव्या देत, पण मारून हाकलत नसत. हजार वळू आणि एक लाख गायी धरल्या तर उत्तर येतं ३,९६०. शेजारच्या गावांतले वळू एकमेकांचे भाऊबंद असणार, तेव्हा प्रत्यक्षातला आकडा बराच कमी. तो निम्म्याच्या निम्मा केला तरी ९९० उरतात. नव्वद लाखांच्या कळपाला जे जमलं नाही, ते कुठलीही वही न ठेवता, कुठलंही शास्त्र न शिकता, गावच्या मोकाट वळूंनी केलं होतं.

या वळूंपासून झालेली जनावरं कोणती? पूर्वेकडं, परळीच्या अंगानं, लाल कंधारी. गडद तांबडा रंग, मध्यम बांधा, काटक हाड. नाव नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचं. चौथ्या शतकात सोमदेवराय नावाच्या राजानं ही जात जोपासली, असं सांगतात. तारखेवर पैज लावू नये, पण तेवढी जुनी धरली तर आजवर साडेतीनशेच्या आसपास पिढ्या झाल्या. दक्षिणेला लातूरच्या बाजूनं देवणी, तिलाच काही जण डोंगरपट्टी म्हणत. देवणी गीर, डांगी आणि स्थानिक गुरांच्या मिश्रणातून गेल्या दोनेकशे वर्षांत घडली. तिच्यात पुन्हा तीन तऱ्हा: चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना काळं असलेली वानेरा, जवळजवळ सगळी पांढरी बालंक्या आणि अंगभर काळे ठिपके-डाग असलेली शेवरा. बीड, परभणी, जालना, नांदेड, लातूर या पट्ट्यात मराठवाडी म्हैस आहे, लांब शिंगांची. शेळी उस्मानाबादी, काळीभोर, एका वेताला बऱ्याचदा जुळी देणारी. उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळीचं मात्र बदललं नाही. अंबाजोगाईला शेळ्या-मेंढ्यांचं सरकारी प्रक्षेत्र आहे, तिथंही तिला याच नावानं ओळखतात. या बाबतीत जर्मनीची तऱ्हा वेगळी नाही. होल्स्टिन, आंगेल्न, मुर्नाऊ, सगळी गावा-मुलखाचीच नावं. काळ्या जंगलाच्या डोंगरात ‘हिंटरवेल्डर’ म्हणून बुटकी, हलकी गाय आहे. उतारावर घसरत नाही आणि थोडक्यात भागवते. बीडच्या बालाघाट डोंगरातल्या माणसाला तिची ओळख पटवायला वेळ लागणार नाही.

लाल कंधारी गाय एका वेताला दूध देते साधारण ६०० लिटर. (टॉयस्टोरीच्या टाकीएवढंच, हा निव्वळ योगायोग.) जर्मनीतली गाय वर्षाला सरासरी साडेआठ हजार लिटर. चौदा पटींचा फरक. हा आकडा तोंडावर फेकून ‘आपली गाय कुचकामी’ म्हणणारे भेटतात. पण कंधारी दुधासाठी घडलेलीच नव्हती. गाय पाळायची ती बैलासाठी. वासरांचं पोट भरून उरलं तर दूध घरात यायचं.

बैलाचा हिशेब वेगळ्या मापानं करावा लागतो. एका बैलाची ताकद ढोबळमानानं अर्धी अश्वशक्ती, जोडीची एक. ऐकायला किरकोळ. पण बीड हा ऊसतोडकऱ्यांचा जिल्हा. दिवाळीच्या आसपास इथून लाखो माणसं कारखान्यांकडं निघतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या पुढं बैलगाडी असते. टायरगाडीत दोन-अडीच टन ऊस भरतात. दिवसाला एक खेप आणि हंगाम दीडशे दिवसांचा धरला, तर एक जोडी ३५० टनांच्या आसपास ऊस ओढते. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रानं १,३२० लाख टन ऊस गाळला. यातला दहावा हिस्सा जरी बैलगाडीनं आला असं धरलं, तरी ३७ हजारांहून अधिक जोड्या हंगामभर जुंपलेल्या असायला हव्यात. साडेआठ हजार लिटरवालीचा गोऱ्हा या कामाला येत नाही. त्याला वशिंड जवळजवळ नसतं, त्यामुळं जू खांद्यावर नीट बसत नाही. आणि बीडच्या उन्हात तो दुपारपर्यंत धापा टाकतो.

ऊन आणि पाणी हा तर वेगळाच जमाखर्च. जिल्ह्याचा सरासरी पाऊस ६६६ मिलिमीटर, तोही कागदावर. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात दीड हजाराच्या आसपास चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि त्यांत दहा लाखांच्या घरात जनावरं दाखल झाली. सगळ्यांत जास्त छावण्या बीडमध्ये. मोठ्या जनावरामागं सरकारी अनुदान शेवटी रोज १०० रुपयांवर गेलं. लहान जनावरांचं निम्मं सोडून दिलं, तर खर्च दिवसाला दहा कोटींच्या आसपास. जनावरामागं १५ किलो चारा धरला तर दिवसाला १५ हजार टन, म्हणजे दहा टनी ट्रकच्या दीड हजार खेपा, रोज. दुभती संकरित गाय उन्हाळ्यात रोज शंभर लिटरच्या आसपास पाणी पिते. अशा पाचशे गायींच्या छावणीला पन्नास हजार लिटर, दहा हजारी टँकरच्या पाच फेऱ्या. ज्या गावात माणसाला हंडाभर पाण्यासाठी रांग लावावी लागते, तिथं.

तरीही शेतकरी एचएफ ठेवतो, आणि त्यात मूर्खपणा काही नाही. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. कापसासारखी वर्षभर वाट बघावी लागत नाही. आष्टी-पाटोद्याकडं कित्येक घरांचा किराणा आणि पोरांच्या फिया त्यावर चालतात. शहाणपण शिकवणाऱ्यांनी आधी तेवढा पगार देऊन बघावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या मिश्रणातून ‘फुले त्रिवेणी’ काढली, ती दूधही हवं आणि ऊनही सोसायला हवं, ही अडचण ओळखून.

दोन्ही रक्तांची भेट किती दुरून झाली आहे, हेही लक्षात घ्यावं. युरोपातल्या गायींचे पूर्वज साडेदहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाळले. जनुकांवरून केलेला एक हिशेब सांगतो, की सुरुवातीच्या त्या रानगायी अवघ्या ऐंशीच्या आसपास असाव्यात. आपली वशिंडाची गाय वेगळी, सिंधूच्या बाजूला स्वतंत्रपणे माणसाळलेली. या दोन रानटी वंशांची फारकत त्याआधी दोन-तीन लाख वर्षं तरी झालेली. युरोपच्या रानगायींतली शेवटची १६२७ साली पोलंडमध्ये मेली. पुढं विसाव्या शतकात हेक नावाच्या दोन जर्मन भावांनी पाळीव गायींचे संकर करून ती परत ‘घडवण्याचा’ घाट घातला. जनावर तयार झालं, पण ते तसं दिसण्यापुरतंच. तर लाखो वर्षांची ही ताटातूट आज बीडच्या पत्र्याच्या गोठ्यात, सरकारी दराच्या एका कांडीत मिटते.

आणि मिटते तेव्हा भराभर मिटते. कंधारी गायीला होल्स्टिनची कांडी भरली की कालवडीत परकं रक्त निम्मं. तिला पुन्हा तीच भरली की ७५ टक्के, मग ८७.५, मग ९३.७५. चार पिढ्यांत कंधारी उरली सोळावा हिस्सा. कालवड तीन वर्षांनी विते असं धरलं, तर बारा वर्षं. साडेतीनशे पिढ्यांची कमाई, पोरगं पहिलीत गेल्यापासून बारावी पास होईतो.

देशात एकोणीस कोटींहून जास्त गायीबैल आहेत, असं २०१९ च्या पशुगणनेनं सांगितलं. महाराष्ट्रात एक कोटी ३९ लाख, म्हणजे साऱ्या जर्मनीपेक्षा जास्त. आदल्या गणनेपेक्षा मात्र दहा टक्क्यांनी कमी. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडं पन्नासहून अधिक देशी गोवंशांची नोंद आहे. जगाचा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१५ मध्ये मांडला: पाळीव पशुपक्ष्यांच्या ८,७७४ जाती, त्यांतल्या १,४५८ धोक्यात. आता गायी-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी क्रमांक. बारा आकड्यांत एक लाख कोटी जनावरं मावतात. देशातल्या सगळ्या गायी-म्हशी मिळून तीस कोटी. जागेची टंचाई मुळीच नाही.

टंचाई आहे ती एका रकान्यात. कांडी भरून झालेल्या वासराचा बाप कळतो, कारण प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. त्यामुळं परक्या रक्ताच्या वासराची कुंडली सात समुद्रांपलीकडच्या खापरपणजोबापर्यंत निघते. डोंगरात चरायला गेलेल्या कंधारीनं दिलेल्या वासराच्या नोंदीत मात्र बापाची जागा कोरी. ते त्या हजार वळूंपैकी कुणाचं तरी पोर, आणि वळूंना क्रमांक कधीच नव्हते. आता तर वळूच उरले नाहीत. त्यात नव्वद टक्के कालवडीच जन्माला घालणाऱ्या, लिंग निवडून भरलेल्या कांड्यांची भर पडली आहे.

चार पिढ्यांचं गणित उलटंही चालतं. गावठी गायीला कंधारीची कांडी भरत गेलं, तर बारा वर्षांत ९३.७५ टक्के कंधारी परत येते. पण कांड्या एकाच वळूच्या असून भागणार नाही, नाहीतर पुन्हा उत्तर चारच. दोनशेचा आकडा गाठायचा तर एकमेकांच्या नात्यात नसलेले पन्नास वळू लागतील. नेकनूरच्या किंवा हिरापूरच्या बाजारात जुना हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आजही बैलाचे दात बघतो, आदत, दुसा, चौसा की जुळलेला, अंगावरचे भोवरे तपासतो आणि मग मालकाला विचारतो, ‘‘कोणच्या गावच्या वळूचं हाये?’’ मालक गावाचं नाव सांगतो. सरकारी नोंदीत जी जागा कोरी आहे, ती तेवढ्यापुरती भरते. अशा उत्तरांतून पन्नास वेगवेगळी गावं जमतात का, हे बाजारात बसून लिहून घेणारा माणूस मात्र हवा.